अँजिओप्लास्टीनंतर जांघेत ठोके देणारी गाठ, थांबून पाहावं का?

मनीषनगरची सून
नमस्कार. माझ्या सासऱ्यांची (वय 68, शुगर आणि बीपी दोन्ही) गेल्या आठवड्यात नागपुरातच अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. सुरुवात मनगटातून केली होती, पण तिथली नस आखडली म्हणून उजव्या जांघेतून करावं लागलं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आले तेव्हा जांघेत काळंनिळं होतं आणि ते हळूहळू मांडीवर उतरलं. त्याची भीती वाटली नाही, सुटीच्या वेळी सिस्टरनं सांगितलंच होतं. पण काल संध्याकाळी मामाजी (सासरे) म्हणाले, "इथं काहीतरी उडून राहिलं." हात लावला तर लिंबाएवढी गाठ, आणि तिला नाडीसारखे ठोके. दाबलं की दुखते. ताप नाही, पाय गरम आहे.

दवाखान्यात फोन केला. "रक्त साकळलं असेल, जिरून जाईल, पुढच्या तपासणीला दाखवा," एवढंच उत्तर मिळालं. ती तपासणी अजून लांब आहे. शेजारच्या काकू गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायला सांगून राहिल्या. यांचं म्हणणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवू. मला काहीच सुचत नाहीये.

इतवारीचा भाऊ
ताई, घाबरू नका. माझ्या मोठ्या भावालाही अँजिओग्राफीनंतर गाठ आली होती, महिनाभरात आपोआप बसली. त्याच्या गाठीला ठोके मात्र नव्हते.

कॅथ लॅबची सिस्टर (निवृत्त)
बेटा, तुझ्या प्रश्नातला एकच शब्द मला महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ठोके. माझी नोकरी धंतोली आणि रामदासपेठेतल्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात तिथे गेली. शीथ (धमनीत घातलेली नळी) काढल्यावर जांघ दाबून धरणं हे आमचंच काम. त्यामुळे हे मी जवळून पाहिलेलं आहे.

साकळलेलं रक्त कडक लागतं, पण स्वतःहून उडत नाही. गाठ प्रत्येक ठोक्याला बोटं सगळीकडून बाहेर ढकलत असेल, तर धमनीचं छिद्र पूर्ण बुजलेलं नाही असं धरून चालायचं. रक्त छिद्रातून बाहेर येतं, आजूबाजूच्या मांसात पोकळी करतं आणि तिथेच आत-बाहेर फिरत राहतं. याला स्यूडोअॅन्युरिझम म्हणतात. तो स्यूडो एवढ्यासाठी, की त्या पिशवीला धमनीची स्वतःची भिंत नसते. म्हणूनच ती फुटू शकते. तुमच्याकडे हेच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही. ते कलर डॉप्लर सोनोग्राफीत लगेच कळतं आणि ती आजच व्हायला हवी. पुढच्या तपासणीची वाट पाहू नकोस. ज्यांनी प्रोसिजर केली त्यांच्याकडेच जा, पण फोनवर विचारू नको. सरळ कॅज्युअल्टीत जा आणि म्हण, "जांघेत ठोके देणारी गाठ आहे, डॉप्लर करा." तिथे जमत नसेल तर जिथे हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे दोन्ही सर्जन आहेत अशा ठिकाणी. मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलही आहे.

शेकायचं नाही. चोळायचं नाही, तेल नाही, लेप नाही. स्वतःच्या हातानं दाबून गाठ "बसवायची" तर मुळीच नाही.

आणि गोळ्या! यजमानांना माझा निरोप सांग: अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी (बहुतेक क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असेल) डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवससुद्धा चुकवायची नाही. पहिल्या महिन्यात स्टेंटची जाळी उघडी असते, तिच्यावर धमनीचं अस्तर चढलेलं नसतं, त्यात गुठळी झाली तर थेट मोठा अटॅक येतो. जांघेतल्या गाठीवर उपचार आहे. त्या गाठीपायी स्टेंट धोक्यात घालू नका.

जाताना त्यांना जास्त चालवू नको. वाटेत गाठ झपाट्यानं वाढली, वरची कातडी ताणून चकाकायला लागली, पाय गार पडला किंवा बधिर झाला, तर 108 ला फोन. सुईच्या जागेतून रक्त उसळलं तर आडवं झोपवून त्या जागेवर आणि किंचित वर बोटांनी घट्ट दाबून धरायचं. फडकं गुंडाळून बसायचं नाही, फडक्याखाली किती गेलं ते दिसत नाही.

नंदनवन_सुधीर
सिस्टर, आईची अँजिओग्राफी पुढच्या आठवड्यात ठरली आहे आणि हे वाचून झोप उडाली. जांघेतून करूच नका म्हणू का? आणि वायरनं हृदयालाच छिद्र पडतं असंही ऐकलं.

कॅथ लॅबची सिस्टर (निवृत्त)
सुधीरभाऊ, मनगटातून होईल का, हे जरूर विचारा. आम्ही लागलो तेव्हा सगळं जांघेतूनच व्हायचं. माँट्रियलच्या ल्युसियाँ काँपो यांनी मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफी केल्याचं 1989 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर काही वर्षांत अॅम्स्टरडॅमला अँजिओप्लास्टीही त्याच वाटेनं झाली. मनगटाची धमनी हाडावर वरच्यावर असते, दाबायला सोपी, त्यामुळे रक्तस्राव कमी. पण नस बारीक असली, आखडली किंवा डायलिसिससाठी हात राखून ठेवायचा असला, तर जांघ घ्यावीच लागते. तिथे सुई मांडीच्या हाडाच्या गोलावर पडली पाहिजे, म्हणजे दाबताना खाली आधार मिळतो. खाली पडली तर अशी गाठ होण्याची शक्यता वाढते. फार वर पडली तर रक्त पोटामागे साचतं, ते बाहेरून काहीच दिसत नाही. प्रोसिजरच्या दिवशी आईची कंबर किंवा बरगडीखालची बाजू दुखायला लागली, घाम फुटला, चक्कर आली, तर "गॅस झाला असेल" म्हणून गप्प बसू नका. लगेच ड्युटीवरच्या सिस्टरला बोलवा.

छिद्राबद्दल. हृदयाच्या धमनीला वायरनं छिद्र पडणं दुर्मीळ आहे आणि ते मुख्यतः अँजिओप्लास्टीत होतं. साध्या अँजिओग्राफीत वायर त्या बारीक फांद्यांमध्ये जातच नाही. झालंच तर रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साचतं, हृदयाला फुलायला जागा उरत नाही आणि बीपी कोसळतं. माझ्यासमोर एका पेशंटचं असं झालं होतं. डॉक्टरांनी आधी फुगा फुगवून ती फांदी आतूनच बंद धरली, दुसऱ्या डॉक्टरांनी इको लावून छातीच्या हाडाखालून सुई घातली आणि साचलेलं रक्त काढलं. मॉनिटरवरचा आकडा चढताना आम्ही सगळे पाहत होतो. छिद्र अगदी टोकाच्या बारीक फांदीत होतं. मग पेशंटच्याच जांघेच्या चरबीची एक कणी काढून कॅथेटरमधून तिथे सोडली आणि गळती थांबली. मोठ्या धमनीला छिद्र पडलं तर वर पडदा चढवलेला स्टेंट बसवतात. टेबलाशेजारी हे सगळं सामान तयार असतं का आणि हार्ट सर्जन उपलब्ध असतात का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चांगले डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत. तपासणी मात्र रद्द करू नका.

मनीषनगरची सून
सिस्टर, तुमचं वाचून रात्रीच घेऊन गेलो. डॉप्लर झालं. रिपोर्टमध्ये स्यूडोअॅन्युरिझम, 2.8 सेंमी, मान बारीक आणि लांब, शिरेशी जोड नाही असं लिहिलंय. गोळ्या सुरूच ठेवायला सांगितल्या. आज सोनोग्राफीखाली थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देणार आहेत. ते गाठीतच देतात का? मामाजी म्हणतात, ऑपरेशनच करून टाका, एकदाचं संपेल.

कॅथ लॅबची सिस्टर (निवृत्त)
फार बरं केलंस. बारीक, लांब मान (धमनी आणि पिशवी यांना जोडणारी वाट) ही जमेची बाजू आहे, औषध मुख्य धमनीत निसटण्याची शक्यता कमी होते. शिरेशी जोड असती तर हे इंजेक्शन देता आलं नसतं.

हो, गाठीतच देतात. पडद्यावर पाहत बारीक सुई पिशवीत नेतात, टोक मानेपासून दूर ठेवतात आणि अगदी थोडं औषध हळूहळू सोडतात. थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेनचं थेट फायब्रिन (गुठळीचे धागे) करतं, म्हणून अॅस्पिरिन चालू असतानाही गुठळी होते. शक्य असेल तर तुला पडद्याकडे पाहू देतील का ते विचार. लाल-निळा रंग गरगर फिरत असतो आणि काही सेकंदांत विझतो. पूर्वी सोनोग्राफीचा प्रोबच जोरानं दाबून धरायचे, कळवळायचे पेशंट, आणि रक्त पातळ करायच्या औषधांवर असले तर बऱ्याचदा जमायचंही नाही.

मामाजींना सांग, ऑपरेशन लागतं ते गाठीत जंतुसंसर्ग झाला, कातडी फाटायला आली, पायाचं रक्त अडलं किंवा इंजेक्शननं जमलं नाही तर. तिथल्या टाक्यांना शुगरवाल्यांमध्ये पू होण्याची भीती असते. सुईनं होत असेल तर सुईच बरी.

मनीषनगरची सून
झालं! ठोके थांबले. पाच मिनिटंही लागली नाहीत. उद्या पुन्हा डॉप्लर आहे. घरी गेल्यावर काय सांभाळू?

कॅथ लॅबची सिस्टर (निवृत्त)
पायाचा रंग, ऊब आणि घोट्याजवळची नाडी आज दर तासाला पाहायला सांग. बोटं निळी-जांभळी दिसली तर लगेच कळव. उद्याचं डॉप्लर चुकवू नको, काहींची गाठ परत भरते आणि दुसरं इंजेक्शन द्यावं लागतं. घरी काही दिवस उकिडवं बसायचं नाही, म्हणजे देशी संडास नाही, कमोड नसेल तर खुर्ची आणून घे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नको, जोर लावला की जांघेवर ताण येतो. गाडीला किक मारायची नाही. गाठ टणक लागत राहील आणि जिरायला काही आठवडे घेईल, त्याची काळजी नको. पुन्हा उडायला लागली तर मात्र लगेच परत जा.

आणि डिस्चार्ज कार्डावर थ्रॉम्बिन दिल्याचं लिहून घे, कोणत्या प्रकारचं तेही. गाईच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर पुढे कधी परत द्यायची वेळ आली तेव्हा अॅलर्जी होऊ शकते, त्या वेळच्या डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे.