असईला शंभरेक तोफा असून शिंदे हरले कसे?

रानवारा: असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यातलीच. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले एका बाजूला, समोर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन), त्याचे प्रत्यक्ष लढलेले लोक जेमतेम साडेचार-पाच हजार. शिंद्यांच्या एकट्या कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या) पलटणीच त्याच्या दुप्पट होत्या आणि स्वार तर विचारूच नका. मग झालं काय नेमकं? दरवेळी फितुरी फितुरी ऐकून कंटाळा आलाय.

जुनाट_बखर: फितुरी थोडी होतीच, शिंद्यांकडचे ब्रिटिश अधिकारी युद्धाच्या तोंडावर कंपनीने पेन्शनची लालूच दाखवल्यावर सोडून गेले. पण त्या दिवशीचा खरा खेळ केळना नदीच्या उताराचा, म्हणजे नदी ओलांडता येईल अशा उथळ जागेचा. वाटाडे म्हणाले उतार नाही, वेलस्लीला मात्र पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं नदीच्या दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दिसली, त्याने हिशोब केला की एवढी जवळ गावं म्हणजे जायला यायला वाट असणारच, आणि निघाली की हो! तिथून तो केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात घुसला, थेट शिंद्यांच्या डाव्या बगलेवर.

तोफखाना७४: वरच्यांनी अर्धंच सांगितलं. बगल मिळाली म्हणून जिंकला असं नाही, कारण पोलमनने (हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, शिंद्यांच्या नोकरीतला पलटणींचा सरदार) सगळी फळी काटकोनात फिरवून पुन्हा त्याच्या तोंडासमोर आणून उभी केली, भर लढाईत. एवढी कवायत हे लोक करतील असं वेलस्लीला वाटलंच नव्हतं. असई गावाजवळच्या तोफांनी इंग्रजांची ७४वी हायलँडर (स्कॉटिश) पलटण अक्षरशः कापून काढली. आणि गोलंदाज बघा, इंग्रज अंगावर आले तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, ते पुढे सरकल्यावर उठून तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू! त्या दुपारी कंपनीचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे नेपोलियनविरुद्ध वॉटर्लू जिंकल्यावरही वेलस्ली आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

रानवारा: म्हणजे तोफखाना लढला, पलटणी लढल्या, मग स्वार काय करत होते??

तोफखाना७४: तेच तर दुखणं आहे भाऊ. मोठा घोडदळाचा जमाव बाजूला उभाच होता, अंगावर गेलाच नाही म्हटलं तरी चालेल. दोघे धनी, शिंदे आणि भोसले, आधीच निघून गेले. शिंद्यांच्या बाजूने आलेल्या सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी बाजारबुणग्यांची राखण करत होत्या, त्या तशाच धडधाकट परत गेल्या. ९८ तोफा मात्र मैदानातच राहिल्या, गोलंदाज त्यांच्याजवळच मेलेले.

जुनाट_बखर: आणि होळकर तिकडे गंमत बघत बसले होते हेही लिहा. डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला इंग्रजांशी तहावर सह्या केल्या, मग १८०४ ला होळकरांची पाळी आली, तेव्हा शिंदे गप्प.