मोठ्यांनी पोट्ट्यांच्या कोस्टरवर बसू नये म्हणे. का बसू नये?

रुळावरचा_नागपूरकर

काल आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका ताईंनी फोटो टाकला. शहराबाहेरच्या पार्कातली सुरवंटाची छोटी रोलर कोस्टर, म्हणजे रुळावरून चढत-उतरत पळणारी गाडी, हिरवे डबे, मोठ्या लाल सफरचंदातून जाते ती, अन् शेवटच्या डब्यात गुडघे छातीशी घेऊन बसलेला एक दाढीवाला माणूस. खाली लिहिलेलं, "चाळिशीतले घोडे लेकरांच्या झुल्यावर बसून राहिले अन् माझा पोट्टा रांगेत रडून राहिला, यांना लाज कशी वाटत नाही." त्याच्यावर ४३ अंगठे. तो दाढीवाला मी नाही. पण असू शकलो असतो, म्हणून लिहून राहिलो, अन् लांब लिहून राहिलो.

मी किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो ते मोजतो. आतापर्यंत ३१ झाल्या. खोपोलीच्या इमॅजिकाची नायट्रो, पायाखाली फरशीच नाही अशी, तिच्यावर सहादा बसलो. हैदराबादला वंडरलाची रिकॉइल, जी गेलेल्या रुळावरूनच तुम्हाला उलटं मागे आणते, तिच्यासाठी पाचशे किलोमीटर गाडी हाकली. पण माझी पहिली कोस्टर होती गोराईच्या एस्सेलवर्ल्डची झिपर डिपर. १९९८, मी सातवीत, मामाकडे बोरिवलीला गेलो होतो, खाडीतून बोटीनं गेलो. नंतर कॉलेजात असताना तिथं परत गेलो तेव्हा मित्र म्हणाले अबे ते लहान पोरांचं आहे, अन् मी बसलो नाही. लाज वाटली. २०२२ ला पार्कच बंद पडलं. आता ती झिपर डिपर मला कोण देणार परत?

छोट्या कोस्टर अशाच जातात. मोठ्या कोस्टरच्या बातम्या होतात, छोटी एके दिवशी भंगारात जाते अन् कोणी ओळही लिहीत नाही. शिकागोजवळ किडीलँड नावाचं पार्क होतं, तिथं लिटिल डिपर ही लाकडी कोस्टर १९५० पासून होती. २००९ ला पार्क बंद झालं, तर दुसऱ्या पार्कानं ती विकत घेऊन २०१० ला आपल्याकडे उभी केली. लहानपणी बसलेल्या लोकांना मोठेपणीही ती हवी होती म्हणून ती वाचली. अन् या कोस्टर फालतू नसतात हो. अमेरिकेतल्याच किंग्ज आयलंड पार्कातली पोट्ट्यांची लाकडी कोस्टर १९७२ ची, ती जॉन अ‍ॅलननं बनवली, त्याच साली त्याच पार्कात द रेसर ही मोठी दोन रुळांची कोस्टर बनवणारा तोच माणूस. उतार कुठं सोडायचा, पोटात खड्डा कुठं पाडायचा, हे छोट्यातही तितकंच डोकं लावून केलेलं असते.

अन् आपल्याकडे नायट्रोच्या तोलाची कोस्टर आहे का नागपुरात? नाही. मग जे आहे त्याच्यावर बसलो तर घोडा?

धरमपेठची_आई

फोटो मीच टाकला होता. आता पूर्ण ऐका.

मे महिना, ४४ डिग्री, रांगेवर नावापुरती ताडपत्री. त्या गाडीत एका वेळी जेमतेम सोळा-सतरा लेकरं बसतात. मधे लाइट गेली म्हणून अर्धा तास तशीच उभी. माझा मुलगा साडेचार वर्षांचा, चाळीस मिनिटं बाटली धरून उभा राहिला, अन् त्याचा नंबर आला तेव्हा हे गृहस्थ दुसऱ्यांदा बसले. दुसऱ्यांदा! पहिल्यांदा मोबाईल नीट धरता आला नाही म्हणून. तुमच्या शिकागोच्या इतिहासानं त्या रांगेत काही फरक पडत नाही.

परदेशात लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर या लेकरांच्या पार्कात सोबत लेकरू नसलं तर मोठ्या माणसाला आतच सोडत नाहीत, मोठ्यांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवतात. मग तिथले लोक काय वेडे आहेत?

रुळावरचा_नागपूरकर

दुसऱ्यांदा बसला असेल तर चूक आहे, मान्य. पण तुमच्या पोस्टमध्ये हे नव्हतं न ताई. पोस्टमध्ये फक्त "घोडे" होतं अन् एका अनोळखी माणसाचा चेहरा होता. तो माणूस आपल्याच शहरातला आहे. त्याची बायको, ऑफिसातले लोक, सगळे बघतील. हे बरोबर आहे का?

पाळणेवाल्याचा_पोट्टा

दोघंही मुद्द्याचं सोडून बोलून राहिले. माझ्या बाबांचा धंदा मेळ्यात झुले लावायचा, मी आठवीपासून कंट्रोलवर उभा राहिलो, म्हणून सांगतो.

लाजेचं सोडा, दांड्याचं बोला. या छोट्या गाडीत बसणाऱ्याला अडवून धरायला एका सीटला एकच दांडा असते, दोघांवर मिळून. शेजारी मोठा माणूस बसला की दांडा त्याच्या मांडीवर टेकते अन् तिथंच अडते. बाजूच्या लेकराच्या पोटाजवळ वीतभर जागा मोकळी राहते. वळणावर ते लेकरू सरकते. मी हे डोळ्यानं पाहिलं आहे, एका मामानं भाचीला घेऊन बसायचं ठरवलं, दांडा मामाच्या ढेरीवर, अन् पोट्टी दुसऱ्याच वळणावर खाली सरकून दांड्याखालून अर्धी बाहेर. बाबांनी ब्रेक ओढला, हातानं ओढायचा लिव्हर होता. पोट्टीला खरचटण्यावर निभावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम, मोठा माणूस बसला तर एकटा, शेवटच्या डब्यात, बाजूची जागा रिकामी.

दुसरं म्हणजे वजन. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा जोरात पळते, कारण घर्षण अन् हवेचा अडथळा वजनाच्या मानानं कमी पडते. लेकरांच्या वजनावर ब्रेक बसवलेला असते. चार ढेऱ्या बसल्या की गाडी ठेसनात थांबायची ती पुढं जाते. म्हणून प्लेटवर वजन लिहिलेलं असते, ते वाचा.

बाकी मंगळवारी दुपारी कोणीच नसते तेव्हा मोठा माणूस तिकीट काढून बसला तर आम्हाला आनंदच होता. डिझेलचा खर्च निघे.

मानेवाडा_एक्सप्रेस

एक राहिलं. मेळ्यातली ड्रॅगन गाडी यात मोजत असाल तर चूक आहे. तिला मोटर असते, ती पूर्ण फेरीभर मोटरवर चालते. वर चढवून सोडून दिली अन् मग स्वतःच्या वजनानं आली ती कोस्टर. तुमच्या ३१ मध्ये ड्रॅगन किती आहेत ते आधी सांगा.

रुळावरचा_नागपूरकर

दोन होत्या, मागच्या वर्षी काढल्या. म्हणून ३१, नाहीतर ३३.

मानेवाडा_एक्सप्रेस

मग ठीक.

बेसा_रोड_बाबा

कोस्टरचं मला काही कळत नाही पण लेकरांच्या गोष्टी मोठ्यांनी बळकावण्याचं दुखणं मला माहीत आहे, अन् ते दुखणं म्हणजे तान्हा पोळा, लेकरं लाकडी बैल सजवून नेतात तो सण.

माझ्या पोरीसाठी तिच्या आजोबांनी लाकडाचा बैल केला. स्वतः. सागाचा तुकडा, नऊ इंच, चाकं जुन्या पाटाची कापून. डोळे मण्यांचे. शिंगांना बेगड लावताना म्हाताऱ्याचे हात थरथरत होते तर पोरीनं डिंकाचं बोट पुढं करून धरलं. गेली ती नऊवारी नेसून, दोरी धरून. अन् तिथं काय, बाजूच्या सोसायटीचे चार बाप्ये हातगाडीवर पाच फुटी बैल घेऊन हजर, मखमली झूल, लाइटिंग, मागं डीजे. बैलाच्या दोरीला नावाला एक पोट्टा बांधल्यासारखा उभा. पहिलं बक्षीस त्यांना. माझ्या पोरीला पेन्सिलचं पाकीट. घरी येऊन तिनं आजोबांना विचारलं, आपला बैल लहान का केला. म्हातारा काही बोललाच नाही.

महालकर

भाऊ तुमच्या पोरीचं वाईट वाटलं पण मोठ्या बैलाला नावं ठेवू नका. नागपुरात तान्हा पोळा सुरू केला तो भोसल्यांनी, अन् महाल भागातल्या राजवाड्यातून निघणारा बैल मोठाच असते. ती परंपरा आहे. लोकं लांबून बघायला येतात.

बेसा_रोड_बाबा

राजवाड्याचा बैल राजवाड्याचा. तो कोणत्या स्पर्धेत बक्षीस मागायला येत नाही. मी बोलून राहिलो कॉलनीच्या मैदानातल्या स्पर्धेबद्दल जिथं फळ्यावर लिहिलेलं असते "वय वर्षे ३ ते १०".

महालकर

सुताराला वर्षाचं काम त्या मोठ्या बैलावर मिळते. सगळे नऊ इंचाचे करायला लागले तर त्यानं काय खायचं? मी स्वतः त्या गल्लीत राहतो, श्रावणात रंधा थांबत नाही, त्याच्यावर चार घरं चालतात.

बेसा_रोड_बाबा

चार घरं चालतात म्हणून माझ्या पोरीनं हरायचं? काय बोलून राहिले तुम्ही? बोजारा, म्हणजे बैल दाखवून लेकरं मागतात ते पैसे, तो मागायलाही आता बापच पुढं होतात, लेकरू मागं मोबाईल बघत असते, अन् बाप म्हणते दोनशेच्या खाली घेत नाही!

महालकर

आवाज चढवू नका. पाच फुटी बैल ओढणाऱ्यांत मी पण होतो एक वर्षी. माझा पोट्टा तापानं पडला होता, त्यानं सांगितलं बाबा बैल न्याच, म्हणून नेला. तुम्हाला मैदानात लोक दिसतात, घरात काय चालू आहे ते दिसत नाही.

सीताबर्डी_७८

अरे कोस्टरवर या बाप्पा. सेमिनरी हिल्सच्या वनबाला या छोट्या रेलगाडीत आपण सगळे आई-बाबांसोबतच बसलो होतो न? मोठ्यांनी बसूच नये असा नियम असता तर माझी आई कधीच कोणत्या झुल्यावर बसली नसती. तिच्या लहानपणी गावात झुला म्हणजे नागपंचमीला झाडाला बांधलेला दोर. ती छपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा छोट्या गाडीत बसली, नातीसोबत, अन् उतरल्यावर लुगड्याचा पदर सावरत म्हणाली आणखी एकदा. तिला "घोडे" म्हणायची कोणाची हिंमत आहे ते सांगा.

धरमपेठची_आई

आजीला कोण म्हणते? नातीसोबत बसणं वेगळं अन् आकडा वाढवायला बसणं वेगळं.

सीताबर्डी_७८

आणखी एकदा बसली ती आकडा वाढवायला नाही, मजा आली म्हणून. हा भाऊ पण मजा येते म्हणूनच मोजते न.

पाळणेवाल्याचा_पोट्टा

नातीसोबत बसली तेव्हा दांड्याचं काय केलं ते विचारायला पाहिजे. भावनेत कोणी दांडा बघत नाही.

रुळावरचा_नागपूरकर

दांड्याचं मला माहीत नव्हतं, एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नाही, अन् मी दोनदा अनोळखी लेकराच्या बाजूला बसलो आहे. आज ते आठवून अंगावर काटा आला. यापुढं बाजूची जागा रिकामी असेल तरच बसणार. परत बसायचं असेल तर उतरून रांगेच्या शेवटी जाणार, तेही रांगेत एकही लेकरू नसेल तर. पण बसणार. वयावरून कोणी रोखलं तर भांडणार.

अन् ताई, त्या माणसाचा चेहरा काढा.

धरमपेठची_आई

फोटो काढला सकाळीच. तुमच्यासाठी नाही, माझ्या मुलानं फोटो पाहून विचारलं तो सफरचंदवाला काका परत कधी येणार म्हणून. रांगेत उभा असताना त्या काकानं त्याला सांगितलं होतं म्हणे, सफरचंदाच्या तोंडाशी आलं की हात वर कर, डोळे मिटू नको. हे मला त्यानं त्या दिवशी सांगितलं नव्हतं, मी पाणी आणायला गेले होते.

तरी तो दुसऱ्यांदा बसला ते चूकच. रांगेचं माझं म्हणणं तेच आहे.

बेसा_रोड_बाबा

तुमचं मिटलं असेल तर माझं ऐका. यंदा आमच्या कॉलनीत मी समितीत नाव दिलं आहे. बैलाची उंची एक फूट, अन् दोरी लेकराच्याच हातात. महालकर भाऊ, तुमच्या गल्लीतल्या सुताराचा नंबर द्या, एक फुटाचे वीस बैल सांगायचे आहेत, पैसे आधी देतो.

महालकर

वीस? एक फुटाच्या बैलालाही कोरायला जवळपास तेवढाच वेळ लागते, लहान म्हणून स्वस्त मागू नका. मेसेज करतो.