शब्दचर्चा: १७ सप्टेंबर १९४८ ला काय म्हणायचं? मुक्तिसंग्राम, पोलीस ॲक्शन, विलीनीकरण...

परभणीकर:
मंडळी, प्रश्न शब्दाचाच आहे पण थेट वर्गातून आलाय. मी आठवीला इतिहास शिकवते. 'स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती' या धड्यात निजामाचं हैदराबाद संस्थान येतं, १७ सप्टेंबर १९४८ ला ते भारतापुढे शरण आलं, आणि आमच्याकडे १७ सप्टेंबर म्हणजे झेंडावंदन, प्रभातफेरी, भाषणं, सगळं 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' या नावाने. वर्गातली एक मुलगी म्हणाली, बाई, माझ्या मावशीकडे हैदराबादला या दिवसाचं नाव वेगळं आहे. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, आमच्या घरी 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. मुलं खरं नाव कोणतं विचारतायत. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, की प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे? शाळेत कोणता वापरायचा हे कोण ठरवतं ते मला माहितीये, मला अर्थ हवाय.

हैदराबादी_मऱ्हाटा:
ताई, आमच्या तीन पिढ्या हैदराबादला, घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि दख्खनी, त्यामुळे या दिवसाची नावं मी जवळून बघितलीयत. आधी कितीतरी वर्षं सरकारी पातळीवर काहीच नसायचं, ना आंध्र असताना ना तेलंगणा झाल्यावर. मग २०२२ ला केंद्राने सिकंदराबादला परेड घेऊन 'हैदराबाद मुक्ती दिन' केला आणि त्याच दिवशी राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' केला, एकाच शहरात, एकाच सकाळी, दोन झेंडावंदनं दोन नावांनी. राज्यात सरकार बदललं आणि २०२४ ला तोच दिवस 'प्रजा पालना दिनोत्सव' झाला. तिकडे कर्नाटकात गुलबर्गा बिदर भागात आधी 'विमोचन दिन' होता तो २०१९ पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव'. म्हणजे संस्थान एक, तारीख एक, आणि पोरगं पाचवीतून आठवीत जाईपर्यंत वहीवरचं नाव बदलतं. तेलुगूत भांडण दोन शब्दांचं आहे, 'विमोचनम्' (मुक्ती) आणि 'विलीनम्' (विलीनीकरण), आणि माणूस कोणता शब्द वापरतो त्यावरून तो कोणत्या पक्षाचा हे लोक ओळखतात. (मराठीत विमोचन म्हटलं की पुस्तकाचं प्रकाशन आठवतं, त्यामुळे तो शब्द आपल्याकडे आला नाही ते बरंच झालं.)

कोशवेडा:
आधी शुद्धलेखन: मुक्तिसंग्राम, 'क्ति' ऱ्हस्व, कारण तत्सम समासात पहिलं पद मूळचं ऱ्हस्व राहतं. बॅनरवर बहुतेक ठिकाणी 'मुक्तीसंग्राम' असतं ते चूक.

आता अर्थ. माझ्या मते हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टींची नावं आहेत आणि सगळा घोळ एकाने दुसऱ्याची जागा घेतल्यामुळे होतो. 'मुक्तिसंग्राम' म्हणजे लोकांनी केलेला लढा. तो १७ सप्टेंबरला झाला नाही, तो त्या दिवशी संपला. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आतच तिच्यावर बंदी आली, सत्याग्रह झाला, 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठाच्या पोरांना काढून टाकलं, त्यातली कितीतरी पुढे नागपूरला जाऊन शिकली. मग ७ ऑगस्ट १९४७ चा स्वामी रामानंद तीर्थांचा 'जॉइन इंडियन युनियन' दिवस, तुरुंग, संस्थानाच्या सरहद्दीवरचे लढणाऱ्यांचे कॅम्प. हे सगळं मुक्तिसंग्राम.

'पोलीस ॲक्शन' म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर १९४८, फक्त पाच दिवस. आणि ते पोलीस नव्हते, लष्कर होतं, रणगाड्यांसकट. लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'. मग पोलीस का म्हटलं? कारण भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार नोव्हेंबर १९४७ ला झालेला होता आणि ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकार संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार घेऊन गेलं होतं. युद्ध म्हटलं असतं तर दोन देशांमधलं युद्ध झालं असतं, पोलीस कारवाई म्हटलं की घरातली गोष्ट. शब्द विचार करून निवडलेला आहे.

'विलीनीकरण' हा कायद्याचा शब्द. ते १७ सप्टेंबरला झालंच नाही. त्या दिवशी शरणागती झाली, मग भारतीय फौजेच्या जनरल चौधरींचं लष्करी प्रशासन आलं, नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली आणि २६ जानेवारी १९५० पासून संस्थान कायद्याने भारताचं राज्य झालं. त्यामुळे १७ तारखेला 'विलीनीकरण दिन' म्हणणं तारखेच्या हिशोबानेही बरोबर नाही.

नळदुर्गचा:
कोशवेडा सर, पटलं. आमच्या गावावरून फौज आली. सोलापूरच्या बाजूनं, १३ तारखेला पहाटे, बोरी नदीचा पूल आणि आमचा किल्ला पहिल्याच दिवशी घेतला. आमच्या घरात जुनी माणसं 'मुक्तिसंग्राम' हा शब्द कधीच वापरत नव्हती बघा, तो भाषणातला शब्द. ते म्हणायचे 'रजाकारांच्या टायमाला' आणि 'ॲक्शन झाली तवा'. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, विहीर कधी पाडली, सगळं याच दोन खुणांवर मोजायचे. आणि त्याच्याही आधीचं ते 'मोगलाईत'. आमचे सोलापूरचे पाहुणे अजून आम्हाला मोगलाईतले म्हणतात.

कोशवेडा:
मोगलाई हा शब्द फार चांगला काढलात. निजाम मूळ मोगलांचा सुभेदार म्हणून त्याचा मुलूख मोगलाई, आणि इंग्रजी अमलातल्या लोकांच्या तोंडी पुढे 'मोगलाई माजलीय' म्हणजे अंदाधुंदी असा अर्थ झाला. रजाकार की रझाकार? दोन्ही छापतात. मूळ 'रज़ा' म्हणजे खुशी, संमती, आणि 'कार' म्हणजे करणारा. आपल्या खुशीने काम करणारा, म्हणजे सरळ अर्थ स्वयंसेवक. लातूरचा वकील कासीम रझवी याने निजामाच्या बाजूने त्या नावाची जी टोळधाड वाढवली, तिने शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. बांगलादेशात १९७१ नंतर याच शब्दाचं हेच झालं, तिथे २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनातही तो शिवी म्हणूनच गाजला.

नांदेडवाला:
मी हे लिहू की नको विचार करत होतो. माझं नाव वाचून कळणार नाही म्हणून सांगतो, मी मुसलमान आहे, मराठी माध्यमात शिकलोय. शाळेत १७ सप्टेंबरच्या नाटकात रझाकाराचं काम दरवर्षी मला नाहीतर माझ्या चुलत भावाला द्यायचे. एरवी मैदानावर भांडण झालं की 'ए रझाकार' हे ठरलेलं. आमच्या घरात त्या दिवसाला 'पुलिस ॲक्शन'च म्हणतात, पण आवाज खाली करून म्हणतात. माझी दादी म्हणायची, 'पुलिस ॲक्शन में हमारे घर के दो मर्द गए', आणि पुढे बोलायची नाही. उर्दूत त्या दिवसाला 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणतात, सुकूत म्हणजे पाडाव, पण आमच्यासारख्या शेतमजुराच्या घरात तोही शब्द नव्हता, तो हवेलीवाल्यांचा शब्द. निजाम गेल्याचं दुःख आम्हाला कशाला असेल.

मोठा झाल्यावर पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. भारत सरकारनेच १९४८ च्या शेवटी पाठवलेली समिती, अहवालात म्हटलंय की ॲक्शनच्या वेळी आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि सगळ्यात वाईट चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला. शाळेच्या दहा वर्षांत हे नाव मी एकदाही ऐकलं नाही. त्याच अहवालात हेही आहे की कितीतरी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, तेही कोणी सांगितलं नाही.

मराठवाडा_अभिमानी:
दादा तुमच्याबद्दल आदर आहे पण आता हळूहळू 'मुक्ती' शब्दच चुकीचा असं म्हणायची फॅशन येईल ही भीती वाटते. माझ्या आजोबांच्या गावात रझाकारांनी घरं जाळली, बायकांची अब्रू घेतली, आजोबा कॅम्पवर होते. त्यांना ती मुक्तीच होती. हा शब्द आम्हाला सहज मिळालेला नाही. कितीतरी वर्षं मुंबई-पुण्याच्या लोकांना आमचा स्वातंत्र्यदिन तेरा महिने उशिरा आला हे माहितीच नव्हतं. आता कुठे पुस्तकात जागा मिळाली तर त्यात लगेच 'पण' कशाला लावायचा?

परभणीकर:
तुम्ही दोघंही बोललात म्हणून आता माझं मत स्पष्ट सांगते. अभिमानी दादा, मुक्तिसंग्राम हा शब्द मी सोडणार नाही आणि कोणी सोडायला सांगितलं तर भांडेन. पण कोशवेडा सरांनी सांगितलं तसं तो लढ्याचं नाव आहे. आपण तो शब्द पाच दिवसांच्या लष्करी कारवाईवर आणि त्यानंतरच्या महिन्यांवर पांघरला की त्याखाली नांदेडच्या दादीचे दोन माणसं पण झाकले जातात. तसंच उलट्या बाजूने, 'एकात्मता' नाहीतर 'विलीनीकरण' म्हटलं की असं वाटतं दोन कागदांवर सह्या झाल्या आणि विषय संपला, त्यात तुमचे आजोबा गायब, रझवी गायब, जळालेली घरं गायब. दोन्हीकडे सरकारला जे दाखवायचं नाहीये ते सोयीच्या शब्दाखाली जातं. आणि धर्माचं म्हणाल तर 'मुक्ती कोणापासून' याचं उत्तर भाषणात दर काही वर्षांनी बदलताना मी ऐकलंय. पूर्वीचे वक्ते 'सरंजामशाहीपासून' म्हणायचे, निजाम, जहागीरदार, देशमुखी, वेठबिगारी सगळं त्यात यायचं. आता कित्येकदा सरळ एका धर्मापासून मुक्ती असं ऐकू येतं, आणि समोर बसलेल्या पोरांत त्या धर्माची पोरं असतात.

यासाठीच मी वर्गात शोएबुल्ला खानचं नाव घेते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक, हैदराबादने भारतात सामील व्हावं असं उर्दूत, हैदराबादमध्ये बसून, रझाकारांचा जोर असताना लिहिणारा. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कामावरून घरी परतताना त्याला रस्त्यात गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. तोही मुक्तिसंग्रामातलाच माणूस. ज्या पोराला दरवर्षी रझाकाराचं काम मिळतं त्याला एकदा शोएबुल्लाचं काम द्या ना.

हैदराबादी_मऱ्हाटा:
शोएबुल्लाचं नाव इथेही पोरांना माहीत नाही. अजून एक बाजू सांगतो जी मराठवाड्यात फार बोलली जात नाही. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९४६ पासून चालू होता, निजाम आणि जमीनदारांविरुद्ध. ॲक्शन झाल्यावर तीच फौज कम्युनिस्टांवर वळली आणि ते १९५१ पर्यंत चाललं. त्यामुळे नलगोंडाच्या बाजूला एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला 'मुक्ती' म्हटलं तर तो विचारतो, कुणाची? ही मुसलमान-हिंदू रेघ तिथे लागूच पडत नाही.

गोंयकार:
गोव्यातून एक भर. १९ डिसेंबर १९६१ ला आमच्याकडे 'मुक्ती' आणि 'लिबरेशन' हेच शब्द, तीही लष्करी कारवाईच, 'ऑपरेशन विजय'. पण जुनी ख्रिश्चन माणसं बोलताना नुसतं 'पोर्तुगीज गेले तेव्हा' म्हणायची. तुमच्या 'ॲक्शन झाली तवा'सारखंच, कोणाची बाजू न घेता काळ सांगायचा.

नांदेडवाला:
परभणीकर मॅडम, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. अभिमानी भाऊ, तुमच्या आजोबांचा कॅम्प कुठला होता? आमच्या भागात उमरीची बँक लुटली होती कॅम्पवाल्यांनी, 'लूट' हा शब्द गावात अजून अभिमानाने घेतात, माझे अब्बाही घेतात.

मराठवाडा_अभिमानी:
आजोबा उमरखेडच्या बाजूला होते भाऊ. उमरीचं त्यांच्याकडूनच ऐकलंय, त्यांच्या तोंडी पण 'लूट'च. आणि पैशाचा हिशोब चोख ठेवला हे दर वेळी सांगायचे. तुमच्या दादीचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझा 'पण'वरचा राग त्या माणसांवर नव्हता.

सायली_औसा:
मॅडम, मग मुलांना शेवटी काय सांगितलंत? मला पुढच्या आठवड्यात सूत्रसंचालन करायचंय.

परभणीकर:
सूत्रसंचालनात कार्यक्रमाचं नाव जे आहे तेच घे ग, 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. पण '१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम झाला' असं म्हणू नको, 'मुक्तिसंग्राम यशस्वी झाला' म्हण. फौज आली त्याला 'पोलीस ॲक्शन' किंवा 'लष्करी कारवाई' म्हण. विलीनीकरण म्हणायचं तर सोबत १९५० सांग. पाच जिल्हे होते तेव्हा, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, आताचे आठ म्हणू नको. वर्गात मी मुलांना घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायला सांगितलंय, तुम्ही त्या दिवसाला काय म्हणता आणि त्या दिवशी घरात काय झालं. निम्म्या वह्या आल्यात. चौदा-पंधरा पोरांनी 'रजाकारी' लिहिलंय, दोघांनी 'ॲक्शन', एकीने 'गडबड'. मुक्तिसंग्राम एकाच वहीत आहे, आणि तिचे पणजोबा खरंच तुरुंगात होते.

कोशवेडा:
'गडबड' नोंदवून ठेवतो. कोणत्या गावची वही आहे तेवढं कळवा.