गोव्यात कॅसिनोत पहिल्यांदाच पोकर खेळायला बसणार, टेबलावरच्या रीतीभाती सांगा

निवांत_नाशिककर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या तिघांबरोबर पणजीला चाललोय. मांडवीतल्या बोटीवर एक रात्र पोकर खेळायचा बेत आहे. खेळ येतो. टेक्सस होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर पाच सगळ्यांचे) ऑनलाइन भरपूर खेळलोय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून हात शिवशिवताहेत. पण समोर डीलर, खरे पत्ते, खऱ्या चिप्स असं कधीच खेळलेलो नाही. घरी दिवाळीत तीन पत्ती, तीही काका-मामांच्या आरडाओरड्यात.

जिंकायच्या युक्त्या नकोत. बाकीचे लोक वैतागतील किंवा डीलर सगळ्यांसमोर टोकेल असं काय काय असतं, ते सांगा. टिप द्यायची असते का? आणि आम्ही चौघं एकाच टेबलावर बसलो तर चालेल का?

मांडवीकाठचा_मुंबईकर

आधी दाराशीच अडकू नका. वय एकवीस पूर्ण लागतं, मूळ ओळखपत्र लागतं. आणि चौघांत कुणी गोव्याचा रहिवासी असेल तर त्याला आत सोडत नाहीत, २०२० पासून. हाफ पँट, स्लीपर नको.

आता मुद्द्याचं. ऑनलाइन खेळणाऱ्याची अडचण खेळात नसते. तिकडे तुमची पाळी आल्याशिवाय बटणच दिसत नाही. किती टाकायचे ते आकडा लिहून ठरतं, पत्ते आपोआप उघडतात, पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, आपोआप सरकतो. थोडक्यात, तुमचं वळण कॉम्प्युटर सांभाळत होता. इथे ते तुम्हाला स्वतः सांभाळायचंय.

पाळी सोडून काही करायचं नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. पत्ते वाईट आले म्हणून तुमच्या आधीचे दोघं विचार करत असताना तुम्ही फेकून मोकळे झालात, तर तुमचं काही जात नाही, पण त्या दोघांना फुकट माहिती मिळते की मागचा एक गेला. ज्याने बेट लावलीय तो तुमच्याकडे असा बघतो की बास. पत्ते पुढ्यातच राहू द्या, चेहरा शांत ठेवा, आपली पाळी येईपर्यंत थांबा.

दुसरं म्हणजे चिप्स. आधी तोंडाने बोला, मग हात हलवा. समजा ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायचीच रक्कम) १००/२०० आहेत आणि समोरच्याने १,००० लावले. तुम्ही काही न बोलता ५,००० ची एकच चिप पुढे टाकली, तर तो कॉल (म्हणजे समोरच्याइतकेच लावले) धरतात आणि ४,००० परत मिळतात. मनात रेज करायचं, म्हणजे रक्कम वाढवायची होती हे कुणी ऐकून घेत नाही. तीच चिप टाकायच्या आधी नुसतं ‘रेज’ म्हणालात आणि आकडा सांगितला नाही, तर अख्खे ५,००० गेले. म्हणून ‘रेज, तीन हजार’ असं स्पष्ट बोलायचं. एकदा बोललेलं मागे घेता येत नाही.

आणि ते सिनेमातलं, ‘तुझे हजार मी बघतो... आणि वर आणखी दोन हजार!’ हे चुकूनही करू नका. ‘बघतो’ म्हणालात तिथेच कॉल झाला. हजार पुढे ठेवून परत ढिगाकडे हात नेला तरी तेच. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. डीलर वरचे पैसे मागे सरकवतो आणि सगळं टेबल हसतं.

कुडाळचो_झील

मी पणजीत एका बोटीवर डीलर होतो, आता गावी असतो. वरचं सगळं बरोबर आहे. आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

तीन पत्तीची सवय असलेला माणूस पहिल्या हातातच, म्हणजे डावातच, ओळखू येतो. तो चिप्स मधल्या ढिगात भिरकावतो. घरी तसंच असतं ना, पैसे मधोमध. इथे चिप्स स्वतःच्या पुढ्यात, रेषेच्या आत नीट ठेवायच्या. मध्ये गोळा करायचं काम डीलरचं. तुम्ही ढिगात फेकल्या की किती टाकल्या ते कळत नाही आणि मग सगळा पॉट मोजत बसावं लागतं.

पत्ते टेबलावरून उचलायचे नाहीत. दोन्ही हातांचा आडोसा करून कोपरे वर करून बघायचे. छातीशी धरून, खुर्चीत मागे रेलून बघणारे असतात. पत्ते टेबलाच्या कडेखाली गेले की डीलरला ओरडावंच लागतं, वरच्या कॅमेऱ्याला ते दिसायला हवेत. शेजारच्या मित्राला दाखवणं तर बंदच. तो हातातून बाहेर पडला असला तरीसुद्धा.

पत्त्यांवर काहीतरी ठेवा. एखादी चिप, नाणं. आमच्याकडे एक गृहस्थ चांदीचा छोटा गणपती ठेवायचे. डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या हाताला बसलात तर हे जास्तच सांभाळा. तुमचे नुसतेच पडलेले पत्ते फोल्ड (टाकून दिलेले) समजून ओढले गेले तर परत मिळणार नाहीत.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात राहील. टेबलावर बदामची सत्ती, अठ्ठी आणि राणी, इस्पिकचा राजा, किलवरची तिर्री. शेवटची बेट कॉल झाली. एकजण जोरात म्हणाला, ‘फ्लश!’ म्हणजे एकाच जातीचे पाच पत्ते. समोरच्याने सुस्कारा सोडला आणि आपले पत्ते पालथे माझ्याकडे सरकवले. मी ते ढिगात मिसळले. मग पहिल्याने पत्ते उघडले, बदामचा एक्का आणि चौकटचा गुलाम. लालात लाल बघून गडबडला होता, बदाम मोजून चारच. काही म्हणजे काही नव्हतं त्याच्याकडे. दुसरा म्हणाला, अहो, माझ्याकडे दोन राजे होते, टेबलावर तिसरा! पण त्याचे पत्ते गेलेले. पॉट एक्का-गुलामवाल्याला द्यावा लागला. फ्लोअर मॅनेजर आला, त्यानेही तेच सांगितलं.

तेव्हा समोरचा काय म्हणतो ते ऐकू नका. पत्ते उघडे ठेवा, दोन्ही. कोण जिंकलं ते डीलर वाचेल. पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत हातचे पत्ते सोडायचे नाहीत.

पत्तेबाज_आप्पा

एवढे नियम पाळून खेळायचं तर मजा कसली? पत्ते म्हणजे कसे, शेजारच्याची खेचायची, टोमणे मारायचे, मधेच चहा यायचा. यापेक्षा घरी मेंढीकोट बरा.

मांडवीकाठचा_मुंबईकर

आप्पा, गप्पांना कुणी ना म्हणत नाही. उलट गप्प बसणाऱ्या, कानात हेडफोन घातलेल्या लोकांनी टेबलं मारून टाकलीत असं माझं मत आहे. क्रिकेट बोला, जेवणाचं बोला. फक्त चालू हाताबद्दल नको. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) दोन राण्या पडल्या आणि तुम्ही कपाळावर हात मारून ‘अरे देवा, मी आत्ताच टाकली!’ म्हणालात, की राणी असल्याची थाप मारणाऱ्याचा खेळ खलास. लोक इथेच हमखास घसरतात, कारण तोंडातून आपसूक निघतं.

आणखी एक. आपला हात पक्का जिंकलेला असताना उगाच हळूहळू, नाटक करत पत्ते उघडणं. समोरच्याला वाटू द्यायचं की तो जिंकला, आणि मग दाखवायचं. नियमात बसतं, पण यापेक्षा हलकटपणा टेबलावर दुसरा नाही. उलट, नवख्या माणसाने काही भलताच कॉल करून तुमचे पैसे नेले तर ‘छान खेळलात’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्याला शिकवायला जाऊ नका. तो चिडून उठून गेला तर टेबलावरचे सगळे तुमच्यावर चिडतील.

बे_एरियातली_मावशी

मी इकडच्या कार्डरूममध्ये आणि वेगासला खेळते. चौघांचा प्रश्न राहिला म्हणून लिहिते. एका टेबलावर बसायला हरकत नसते, पण दोन गोष्टी पाळा. एक, हात चालू असताना आपसात मराठी नको. अमेरिकेत हाताच्या वेळी फक्त इंग्रजी असा नियम असतो, मी आणि माझी नणंद ‘भाजी काय करायची’ एवढंच बोलत होतो तरी टोकलं. बरोबरच आहे ते, दुसऱ्याला काय कळणार की भाजीचं चाललंय? गोव्यात हिंदी चालते म्हणतात, पण बाकीच्यांना न कळणारी भाषा कुठेही टाळलेली बरी.

दुसरं, मित्र आहे म्हणून त्याच्याशी हळू हाताने खेळायचं नाही. दोघंच उरलो म्हणून शेवटपर्यंत चेक-चेक करत (काही न लावता पाळी पुढे ढकलत) बसणं हे तिसऱ्या माणसाला फसवणं आहे, कारण त्याला तुम्ही दोघांनी मिळून आधीच बाहेर काढलंत. जमणार नसेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. खरं सांगू का? तसंच बसा. नवे लोक भेटतात.

टिपचं म्हणाल तर वेगासला पॉट जिंकला की डीलरला एक डॉलर, मोठा असेल तर जास्त. स्पर्धेत वेगळं असतं. स्पर्धांना टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम बऱ्याच ठिकाणी लावतात, ही संस्था २००१ पासून आहे. कॅश टेबलावर मात्र त्या त्या कॅसिनोचा नियम, म्हणून बसताना फ्लोअरवाल्याला विचारायला लाजू नका.

निवांत_नाशिककर

हे फारच उपयोगी आहे, आभार! डीलरने चुकून पॉट भलत्याला दिला तर मी मध्ये बोलू का? हातात नसलो तरी?

मांडवीकाठचा_मुंबईकर

नाही. ‘एका हाताला एकच खेळाडू’ हे सूत्र आहे. तुमचा संबंध नाही तर गप्प राहा.

कुडाळचो_झील

इथे मी सहमत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्ते अजून पालथे असतील तर कुणीही कुणाला ‘टाकू नको, दाखव’ असं सांगायचं नाही, तिथे तुमचं सूत्र बरोबर. पण दोघांचे पत्ते टेबलावर सरळ उघडे आहेत आणि डीलर चुकीचं वाचतोय, तर कुणीही बोलावं, बोलायलाच हवं. रात्री तीन वाजता आमचेही डोळे थकतात हो. फक्त आवाज न चढवता, ‘डीलर, एकदा बघाल का?’ एवढंच.

आणि हरलेल्या पत्त्यांचा राग डीलरवर काढू नका. आम्ही पत्ते वाटतो, निवडत नाही. पत्ते अंगावर फेकणारे बघितलेत मी.

टिपबद्दल, आमच्याकडे ती एका डब्यात जमून सगळ्यांत वाटली जायची. दिली तर आनंद, नाही दिली तर कुणी तोंड वाकडं करत नाही. मोठा पॉट आला तर एखादी छोटी चिप द्या. छोट्या पॉटवर दरवेळी द्यायची गरज नाही, त्यातून रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, आधीच कापलेला असतो.

मांडवीकाठचा_मुंबईकर

ठीक, उघड्या पत्त्यांचं मान्य.

राहिलेलं पटापट. जिंकलेल्या चिप्स खिशात टाकायच्या नाहीत, टेबलावर असतात तोवर सगळ्या खेळात. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, दिसतील अशा. हात चालू असताना फोन नाही, फोटो तर अजिबात नाही. ग्लास कापडावर नको. आणि जेवण आधी उरकून या, तंदुरीच्या बोटांनी पत्ते धरणाऱ्याला डीलर काही बोलत नाही, पण गड्डी बदलावी लागते.

मोठा निर्णय असेल तर वेळ घ्या, हक्क आहे तुमचा. पण दर वेळी सत्ती-दुर्री टाकायला मिनिटभर छताकडे बघत बसलात तर कुणीतरी घड्याळ लावायला सांगेल.

निवांत_नाशिककर

शेवटचं. बायकोही येतेय, ती खेळत नाही. माझ्या मागे बसून बघितलं तर चालेल?

कुडाळचो_झील

फ्लोअरवाल्याला विचारा, गर्दी नसेल तर खुर्ची देतात. वहिनींनी फक्त तुमचेच पत्ते बघायचे, शेजाऱ्याच्या मागे जाऊन उभं राहायचं नाही. आणि एक्क्यांची जोडी आली की त्यांना तुमचा खांदा दाबू नका म्हणावं. समोरच्या खुर्चीवरून ते स्वच्छ दिसतं.