एमी जॉन्सनचे ऑस्ट्रेलिया-उड्डाण: साहस की अविचार?

मूळ मत:
ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सनचा गौरव करताना आपण एका प्रश्नाला नेहमी बगल देतो. ५ मे १९३० रोजी ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एका जुन्या, एकाच इंजिनाच्या ‘जिप्सी मॉथ’ विमानातून एकटीच निघाली, तेव्हा तिला वैमानिकाचा परवाना मिळून वर्षही झाले नव्हते आणि लंडन ते हल हाच तिचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास होता. २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोहोचली खरी, पण याच मार्गावर एकट्याने उडालेल्या वैमानिक बर्ट हिंक्लरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम अबाधितच राहिला. वाटेत इंधन संपत आल्याने झाशीला कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. पुढे रंगूनजवळ विमान चरात जाऊन पंख आणि प्रोपेलर मोडले. ती वाचली म्हणून हे साहस ठरले.

प्रतिसाद:
आपण मोजलेले अपघात खरे आहेत, परंतु अविचारी माणूस सुटा प्रोपेलर विमानाला बांधून निघत नाही, आणि एमी तो घेऊन निघाली होती. विमाने चालवायला शिकत असतानाच ती लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावरच्या हँगरमध्ये इंजिने खोलायला आणि जोडायला शिकली. विमान-दुरुस्तीचा सरकारी परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होती, आणि माझ्या मते तिचे थोरपण ऑस्ट्रेलियापेक्षा या परवान्यात अधिक आहे. म्हणूनच रंगूनजवळ तिथल्या तंत्रशाळेतल्या लोकांच्या मदतीने विमान दुरुस्त करून ती पुढे जाऊ शकली. कराचीपर्यंत तर ती हिंक्लरच्या दोन दिवस पुढे होती, हे आपण सांगितले नाही.

मूळ लेखकाचे उत्तर:
प्रोपेलरचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही ५ जानेवारी १९४१ रोजी, खराब हवामानात वाट चुकून ती थेम्सच्या मुखापाशी समुद्रात पडली आणि तिला वाचवायला उडी घेणारे नौदलाचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर प्राणास मुकले. वैमानिकाच्या धाडसाची किंमत कधी कधी दुसऱ्यालाही मोजावी लागते, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

प्रतिसाद:
फ्लेचर यांचे स्मरण आपण केलेत, ते योग्यच आहे. पण त्या दिवशी एमी कोणत्याही विक्रमाच्या मागे नव्हती. युद्धकाळात, लष्करी विमाने एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑग्झिलरी’ या संघटनेसाठी ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला एक विमान पोहोचवायला निघाली होती. ते तिचे नेमून दिलेले काम होते. तिचा मृतदेह आजतागायत सापडलेला नाही.