कम्युनिटी डेची तयारी आधीपासून कशी करता? (पोकेमॉन गो) मदत हवी आहे

मंडळी, येत्या कम्युनिटी डेला (पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये एक ठरावीक पोकेमॉन काही तास भरपूर दिसतो, तो दिवस) मी आणि माझी पुतणी पहिल्यांदाच पूर्ण वेळ खेळायला बाहेर पडणार आहोत. वेळ नेहमीचीच, दुपारी २ ते ५. पुण्याच्या ऐन उन्हात! ही वेळ कोणी ठरवली देव जाणे.

खरी अडचण जागेची आहे. गेममधलं पोकेमॉन ठेवायचं स्टोरेज गच्च भरलंय आणि पैसे टाकून वाढवायचं नाही. तुम्ही आदल्या रात्री कोणकोणते पोकेमॉन ट्रान्सफर करता, म्हणजे कायमचे काढून टाकता? चार तारेवाले (सगळ्यात उत्तम गुणांचे) आणि शायनी (वेगळ्या रंगाचे दुर्मिळ) ठेवणारच, पण तीन तारेवाल्यांवर हात चालत नाही. बॅगेत पोशन आणि रिव्हाइव्हचा (लढाईनंतर पोकेमॉनना बरं करायच्या वस्तूंचा) ढीग आहे, ते बिनधास्त फेकून पोकेबॉलला जागा करावी ना?

दुसरं, लकी एग (अनुभवाचे गुण, XP, दुप्पट करणारं) आणि स्टार पीस (जादा स्टारडस्ट देणारा) दोन्ही अर्ध्या तासाचेच. स्टार पीस पकडताना लावायचा हे कळतं. लकी एग मात्र शेवटी सगळे इव्हॉल्व्ह (पोकेमॉनना पुढच्या रूपात नेणं) एकदम करताना फोडावं का? त्या दिवशीच्या स्पेशल मूव्हसाठी (खास हल्ल्यासाठी) इव्हॉल्व्हची मुदत सहसा ५ नंतरही असते, म्हणून निवांत सावलीत बसून करायचा विचार आहे. मुदत हुकली की मग असा मूव्ह शिकवणारी दुर्मिळ वस्तू, एलिट टीएम, खर्च करा, तो माझ्याकडे एकच आहे.

त्या दिवशीच्या पोकेमॉनच्याच टाइपचा आपला एखादा पोकेमॉन मेगा केला (तात्पुरत्या ताकदवान रूपात नेला) की पकडताना जादा कँडी (इव्हॉल्व्हसाठी लागणारी) मिळते. मेगा आठ तास टिकतो, म्हणजे जेवून निघतानाच केला तर चालेल ना?

पॉवर बँक, पाणी, टोपी घेतलीच आहे. पुतणीचा फोन जुना आहे, लवकर तापतो. त्यावर काही उपाय?