लामालेरा गावाबद्दल माहिती हवी आहे (इंडोनेशिया, लेंबाटा बेट)

ताणाबाणा:
नमस्कार. मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरी टॉवेलचे माग आहेत आणि मी टेक्स्टाईल डिझाईन शिकतेय. इंडोनेशियातल्या लामालेरा गावाचे बरेच व्हिडिओ पाहिले. सगळीकडे तेच दृश्य, होडीच्या टोकावरून एक माणूस भाला घेऊन देवमाशावर झेप घेतो. पण एका व्हिडिओत मागे ओसरीवर एक बाई कमरेला ताणा (मागावरचे उभे धागे) अडकवून विणत बसलेली दिसली. पुढच्याच क्षणी कॅमेरा समुद्राकडे वळला. मला त्या बाईबद्दल जाणून घ्यायचंय. ती काय विणते, कुणासाठी? आणि देवमासा रोज थोडाच मिळत असेल, मग गाव जगतं कशावर? कुणी तिकडे गेलंय का?

रंगारी_काका:
पोरी, मी जाऊन आलोय. जावा बेटावर बांडुंगजवळच्या एका गिरणीत डाईंग बघायला होतो, तेव्हा सुट्टी काढून मुद्दाम गेलो. फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकाला लारांतुका आहे, तिथून बोटीनं लेंबाटावरचं लेवोलेबा आणि पुढं ट्रकमध्ये फळीवर बसून डोंगर ओलांडायचा. दक्षिण किनाऱ्याला, कड्याला बिलगून गाव आहे. वरचं आणि खालचं अशा दोन वस्त्या, लामालेरा अ आणि ब. दोन्ही मिळून लोक दोनेक हजार. खडकाळ उतार, पाणी कमी, शेतीला जमीन जवळजवळ नाहीच. खाली वाळूत पाल्यानं शाकारलेल्या छपरांखाली ओळीनं होड्या उभ्या. या होड्यांना लोखंडी खिळा लावत नाहीत, लाकडी खुंट्यांनी फळ्या जोडतात.

मेपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत, तिथला पावसाळा लागेपर्यंत, मोठ्या शिकारीचा हंगाम. गाव कॅथलिक आहे, त्यामुळे हंगाम सुरू होताना किनाऱ्यावरच्या चॅपलपाशी प्रार्थना होते. देवमासा दिसला की ‘बालेओ’ अशी आरोळी उठते आणि हातातलं काम टाकून सगळे पळतात. हे तू व्हिडिओत पाहिलंच असशील.

व्हिडिओत येत नाही ते वाटपाचं. मासा कापताना कुठला तुकडा कुणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. भालेकऱ्याचा, होडी बांधणाऱ्या सुताराचा, लोहाराचा, शीड विणणाऱ्याचा, होडीच्या भाऊबंदांचा, गावच्या मूळ जमीनमालकांचा. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही, बघता बघता कळलं.

पण वाटा घरात आला म्हणजे जेवण झालं असं नाही. मका, केळी, कंद पिकतात वर डोंगरातल्या गावांत. तिथवर मासा पोचवतात बायका. मांसाच्या पट्ट्या बांबूवर वाळवायच्या, टोपलीत भरायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि चढ चढायचा. मासा कमी असला तर मीठ, नाहीतर पोवळं भाजून केलेला चुना. कापडही नेतात. जवळच वुलांदोनीला शनिवारी बाजार भरतो, तिथं अजूनही अदलाबदल चालते. मी पाहिलं तेव्हा डोंगरातल्या बायका एका बाजूला केळी-मका मांडून, लामालेराच्या बायका समोर मासा मांडून, आणि सगळ्या गप्प. आधी बाजाराचा कर गोळा झाला, मग शिट्टी वाजली, आणि एकदम सगळ्या उठल्या. एका बाईनं वाळक्या माशाची पट्टी पुढं केली, समोरचीनं केळी मोजून दिली. हिनं मान हलवली, तिनं आणखी टाकली. पैसा कुठंच नाही. लोक देवमाशाचं गाव म्हणतात, पण मी तर म्हणेन ते या बायकांच्या पायांवर उभं आहे.

आता तुझी ओसरीवरची बाई. तिचा माग म्हणजे काठ्या आणि कमरेचा पट्टा. ताण तिच्या पाठीचा. पाठ मागं रेलली की ताणा कसतो, पुढं झुकली की सैल. नक्षी विणताना निघत नाही, ती आधीच सुतात असते. ताण्याचे धागे चौकटीवर लावून ताडाच्या पानाच्या पट्ट्यांनी जागोजाग गच्च बांधायचे, रंगात बुडवायचे, सोडायचे, पुन्हा दुसरीकडे बांधायचे. बांधला तिथं रंग चढत नाही. होड्या, देवमासे, पंखांसारखे कल्ले पसरलेले मोठे रे-मासे, सगळं असं बांधून काढतात.

रंगाचं मी जवळून पाहिलं, कारण माझा जन्म त्यातच गेला. निळा नीळीचा, त्यात चुना. लाल मात्र आल नावाच्या झाडाच्या मुळीचा. आपल्याकडं बारतोंडी म्हणतात तेच झाड. आपल्या मुलुखातही पूर्वी लाल रंगासाठी आल लावायचे. तिथं सूत आधी केमिरी नावाच्या बियांच्या तेलात मुरवतात, मग मुळीच्या सालीच्या कुटात लोध्राच्या जातीच्या झाडाचा पाला-साल घालतात. त्यात तुरटीचा गुण असतो, म्हणून रंग धरतो. एका बुडीत नुसता फिका तांबूस येतो. वाळवा, पुन्हा बुडवा, असं महिनोन्‌महिने. एका आजींनी मला लडी हातात दिली, मी सवयीनं नखानं घासून पाहिली. बोटाला काही लागलं नाही. आयुष्यभर केमिकलचे पक्के रंग केले, पण तसा गर्द लाल माझ्या हातून निघाला नाही.

शेंगाचटणी:
काका, लई भारी लिहिलंय. पण एक खटकालंय. देवमासा मारायला बंदी आहे ना? एवढा मोठा जीव.

रंगारी_काका:
1986 पासून बंदी आहे ती व्यापारी शिकारीवर. स्थानिक लोकांच्या पोटापुरत्या शिकारीला वेगळे नियम आहेत, आणि ही बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा इंडोनेशिया सदस्यच नाही. लामालेराचे लोक मारतात तो मुख्यतः दात असलेला स्पर्म व्हेल. निळ्या देवमाशाला ते हात लावत नाहीत, पूर्वजांना त्या जातीनं वाचवलं अशी त्यांची श्रद्धा आहे.

आमच्या घरात अंडंही येत नाही. किनाऱ्यावर मासा कापताना बघितला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. तरी त्यातलं काही वाया गेलेलं मी पाहिलं नाही, तेलसुद्धा दिव्याला. काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. आता होड्यांना इंजिनं आलीत, जाळी आलीत. मोठे रे-मासे 2014 पासून तिथं संरक्षित आहेत, ते आणि डॉल्फिन जाळ्यात किती जावेत याला आवर हवा. गावातली शिकलेली पोरंही हे बोलतात, पण बाहेरच्यानं येऊन दरडावलेलं त्यांना चालत नाही.

आजोळ_पोचमपल्ली:
हे तर आमचंच काम! आजोळी, तेलंगणात, ताणा-बाणा म्हणजे उभे-आडवे दोन्ही धागे बांधतात. तिकडे हे गुजरातेतून गेलं का?

रंगारी_काका:
बांधून रंगवायची कला त्यांची स्वतःची जुनी आहे. पण गुजरातचा पटोला व्यापारातून त्या बेटांवर पोचला हे नक्की. लेंबाटावर काही घराण्यांत जुने पटोले अजून वारशानं जपलेत आणि त्यांची नक्षी बायकांनी आपल्या कापडात उतरवलीय. लामालेराचे लोक फक्त ताणा बांधतात, बाणा साधा.

ताणाबाणा, कुणासाठी विणते हे विचारलं होतंस. लग्नासाठी. मुलाकडचे मुलीच्या घरी हस्तिदंत देतात. बेटावर हत्ती नाही, हे सुळे व्यापारातून आले आणि आता घराघरांतून फिरत राहतात. बदल्यात मुलीकडून उत्तम कापड जातं. मानाचं नेसूचं कापड तीन पट्ट्या जोडून केलेलं, हातानं काढलेल्या सुताचं. रोजचं दोन पट्ट्यांचं, त्याला आता बाजारचं सूत आणि पुडीचा रंग सर्रास वापरतात.

जाणार असशील तर शनिवार मध्ये धरून जा. कापड घेताना मुळीचा रंग की पुडीचा ते सरळ विचार, बायका खरं सांगतात. आणि घासाघीस करू नकोस. एका कापडामागं किती महिने जातात ते तुझ्या घरी माहीत आहे.

ताणाबाणा:
काका, आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, बाणा ठोकायला फणी असते की नाही?

रंगारी_काका:
फणी नाही. लाकडाची गुळगुळीत तलवारीसारखी पट्टी असते, तीच धाग्यांत घालून आडवी ठोकतात. पुढच्या रविवारी मी अशोक चौकात भाचीकडे येणार आहे. माझ्याकडं एक पट्टी आणि कापडाचा तुकडा आहे, दोन्ही आणतो. आईलाही घेऊन ये.